साडेसातची चकती

इन्स्पेक्टरसाहेबांचं एक ठाम मत होतं. सकाळच्या नाश्त्याआधी कुणीही ऐकण्यालायक काही बोलत नाही. म्हणून कानातलं यंत्र ते नाश्ता झाल्याशिवाय लावत नसत. तोवर ते पलंगाशेजारच्या डबीत पडून असे आणि साहेब जगाच्या कटकटीतून मोकळे. हे मत चुकीचं आहे असं त्यांना कुणी सांगितलंच असेल, तर ते नाश्त्याआधी सांगितलं असावं.

चौतीस वर्षं त्यांनी लिफ्ट तपासल्या होत्या. सरकारी इन्स्पेक्टर. ते इमारतीत शिरले की वॉचमनपासून मालकापर्यंत सगळे उठून उभे राहायचे. कुणाच्या चहाच्या कपाला कधी हात लावला नाही, की कुणाच्या 'बघा ना जरा'ला भीक घातली नाही. बायको गेल्यावर सहा वर्षांपूर्वी दोन सुटकेस आणि एक बॅटरी घेऊन ते या निवृत्तांच्या वसाहतीत राहायला आले. तिसऱ्याच दिवशी त्यांनी तिथली लिफ्ट तपासली आणि मॅनेजरबाईंच्या टेबलावर चार पानी अहवाल ठेवला. मॅनेजरबाई वस्ताद होत्या. जो माणूस फार प्रश्न विचारतो त्याला काम द्यावं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी साहेबांना सुरक्षा समितीचं अध्यक्ष करून टाकलं आणि कोटाला लावायला पितळेचा बिल्ला दिला. तो बिल्ला साहेब पायजम्यावरही लावायचे, असं लोक म्हणत. खोटं होतं ते. फक्त स्वेटरवर लावायचे.

दारावरची चकती ही साहेबांचीच करामत. त्याआधी रोज सकाळी आठला सिस्टर चाळीसच्या चाळीस दारं ठोठावून "उठलात का?" असं विचारत फिरायची. कुणी न्हाणीघरात असे, कुणी अर्धवट कपड्यांत, कुणी नुसतंच रागात. साहेबांनी प्रत्येक दारावर लाकडाची एक गोल चकती लावून घेतली, एक बाजू लाल, एक हिरवी. झोपताना लाल करायची, उठलं की हिरवी. आठच्या फेरीत सिस्टर नुसत्या चकत्या बघत जाणार आणि वहीत लिहिणार. लाल दिसली तर दार ठोठावणार, आतून उत्तर नाही आलं तर सरळ आपल्याकडची किल्ली लावून आत शिरणार. साधी गोष्ट, पण दोन वर्षांत तीन माणसं वेळेवर सापडली आणि वाचली. साहेबांची मान ताठ झाली. ती आधीही फारशी वाकलेली नव्हतीच.

आता या ताठ मानेच्या माणसाने काय करून ठेवलं होतं ते ऐका.

साहेबांची खोली अकरा नंबरची. शेजारी बारा नंबरमध्ये बेकरीताई राहायच्या. चाळीस वर्षं स्वतःची बेकरी चालवलेल्या. चाळीस वर्षं पहाटे तीनला उठून भट्टी पेटवलेल्या. इथे आल्या त्या दिवशी सामान लावायच्या आधी त्यांनी जाहीर केलं, "आता मी दहाच्या आत उठणार नाही. आयुष्यभराची झोप वसूल करायचीय मला." पण आठला चकती लाल दिसली की सिस्टर दार ठोठावणार, आणि ठोठावलं की आतून शिव्या येणार. बेकरीताईंच्या शिव्या भट्टीतून नुकत्या काढल्यासारख्या गरम असत. महिन्याभरात सिस्टर रडकुंडीला आली.

एका संध्याकाळी बागेतल्या बाकावर बेकरीताईंनी विषय काढला.

"साहेब, तुम्ही रोज साडेसातला फिरायला निघता ना? जाता जाता माझीही चकती हिरवी करत जा की. हाताला काय काटे टोचतात?"

"बाई, तो नियम मी केलाय."

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय. तुमच्यावर कोण संशय घेणार?"

साहेबांनी चक्क नाही म्हटलं. दोन आठवडे नाहीच म्हणत राहिले. मग डोळ्यांच्या थेंबांचं प्रकरण आलं. रोज संध्याकाळी दोन्ही डोळ्यांत थेंब घालायचे होते आणि साहेबांचा हात कापायचा. अर्धे थेंब मिशीत जायचे. सिस्टरला सांगता आलं असतं, पण सिस्टर ते वहीत लिहिणार, 'स्वतःचे थेंब घालता येत नाहीत.' अशा चार नोंदी जमल्या की माणसाची रवानगी मागच्या इमारतीत होते, हे वसाहतीत सगळ्यांना माहीत होतं. मागच्या इमारतीची दारं फक्त बाहेरूनच उघडायची. म्हणून इथे जो तो आपली एखादी खोट जपून झाकून ठेवायचा, आणि दुसऱ्याची खोट दिसली तरी बघितलं नाहीसं करायचा.

बेकरीताईंचा हात मात्र दगडासारखा स्थिर. केकवर साखरेचे गुलाब काढलेला हात तो. त्यांनी एका संध्याकाळी बाटली हिसकावून घेतली, साहेबांची हनुवटी वर केली आणि टपटप दोन थेंब घातले. "झालं. आता उद्यापासून चकती," त्या म्हणाल्या. कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

साहेबांनी स्वतःची समजूत काढली होती. बाई ठणठणीत आहेत, जेवतात दणकून, सर्दीसुद्धा होत नाही. त्यांची जरा सोय झाली तर कुणाचं काय बिघडलं? लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, त्यातलाच प्रकार. पण माणूस स्वतःच्या बाबतीत फार उदार असतो.

त्या मंगळवारीही साहेब नेहमीसारखे साडेसातला बाहेर पडले. स्वतःची चकती हिरवी केली, दोन पावलं पुढे जाऊन बारा नंबरची हिरवी केली आणि फिरायला गेले. परत येऊन नाश्ता केला, यंत्र कानात घातलं, पेपर वाचला. सव्वादहाला बेकरीताई आपला चहाचा थर्मास घेऊन बाकावर यायच्या. सव्वादहाला त्या आल्या नाहीत. साडेदहालाही नाहीत. साहेबांनी आधी घड्याळाकडे रागाने बघितलं, मग उठले आणि बारा नंबरपाशी गेले. दारावर हिरवी चकती होती. ती बघून त्यांना क्षणभर बरं वाटलं. मग आठवलं की ती आपणच फिरवलीय.

त्यांनी दार ठोठावलं. आतून लांबून, बारीक आवाज आला, "अजून मेले नाहीये. पण जरा घाई करा."

सिस्टर किल्ली घेऊन धावली. बेकरीताई न्हाणीघराच्या फरशीवर होत्या, बेसिन आणि दाराच्या मध्ये अडकलेल्या. डावं मनगट मोडलं होतं. अंगावर हाताला लागला तो टॉवेल ओढून घेतला होता आणि ओठ थंडीने निळसर पडले होते. साहेब दारात उभे राहिले. त्यांच्या हातून काहीच होईना, नुसतं "जपून, जपून" म्हणत राहिले. सिस्टरने शेवटी त्यांना बाजूला ढकललं.

मनगटाला प्लास्टर बसलं. हाड जुळणार होतं, त्याची काळजी नव्हती. भानगड सुरू झाली ती पुढे.

"कधी पडलात?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

"पावणेसहाला," बेकरीताई म्हणाल्या.

सिस्टरची वही आली. वहीत सरळ लिहिलं होतं: आठ वाजून पाच मिनिटं, खोली बारा, हिरवी. सिस्टर आपल्या नोंदीशी प्रामाणिक होती आणि तिची नोंद खरीच होती. चकती हिरवी, म्हणजे बाई उठून दारापर्यंत आल्या होत्या. म्हणजे पडल्या त्या आठनंतर. आणि म्हणतायत पावणेसहा. सव्वादोन तासांचा घोळ. मॅनेजरबाईंनी भुवया उंचावल्या. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं आणि बेकरीताईंच्या मुलाला फोन केला.

डॉक्टर स्मरणशक्ती तपासायला आले ते बुधवारी जेवणानंतर. पुढे सिस्टरनेच ती हकिगत सगळ्यांना सांगितली.

"आज वार कोणता?"

"दुपारी सूप होतं, म्हणजे बुधवार. सूप नसतं तर मलाच काय, तुम्हालाही कळला नसता."

"मी तीन शब्द सांगतो. ते लक्षात ठेवायचे आणि मी विचारेन तेव्हा सांगायचे."

"कागदावर लिहिलेत ना तुम्ही? मग मी कशाला डोक्यात ठेवू?"

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: चिडचिड, असहकार, वेळेचं भान नाही. बेकरीताईंचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं. मुलगा बुधवारीच संध्याकाळी येऊन पोचला. मुलगा चांगला होता, आईवर जीव होता त्याचा, आणि म्हणूनच तो फार घाबरला होता. मागच्या इमारतीत चोवीस तास माणूस असतं, हे ऐकून त्याला धीर आला. शुक्रवारी अकराला बैठक ठरली. कागद तयार होते, फक्त सह्या बाकी होत्या.

हे सगळं साहेबांच्या कानावर गुरुवारी आलं, नाश्त्यानंतर यंत्र लावून पेपर वाचत असताना. ते तसेच उठले आणि आजारी माणसांच्या खोलीत गेले. बेकरीताई खिडकीपाशी बसल्या होत्या, प्लास्टरचा हात उशीवर ठेवून.

"काय हो," साहेबांनी उभ्या उभ्याच विचारलं, "नक्की किती वाजता पडलात?"

"तुम्हीपण विचारा आता! पावणेसहा. चाळीस वर्षं मी घड्याळाकडे न बघता भट्टीतून पाव काढलाय. एकही करपला नाही. मला वेळ कळत नाही म्हणतात."

"मग चकतीचं का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तुमचं नाव? ठरलं होतं ना आपलं, कुणाला सांगायचं नाही."

"अहो, ते तुम्हाला मागच्या इमारतीत टाकतायत!"

"माहितीये मला." बेकरीताईंचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. "तिथे सहाला उठवतात म्हणे. सगळ्यांना. दिवे लावून."

साहेब खुर्चीवर बसले. बेकरीताईंनी त्यांच्याकडे बघितलं.

"साहेब, एक विचारते. रागावू नका. तुम्ही साडेसातला दाराशी आलात ना? तुमच्या चपला ओळखते मी, उजवा पाय घासता तुम्ही. मी हाका मारल्या. तीनदा. म्हटलं, आले, सुटले आता. मग चकती फिरल्याचा खट् आवाज झाला आणि चपला लांब गेल्या." त्यांनी उशीचं टोक नीट केलं. "वाटलं, मदत आणायला गेले असतील. त्या आशेवर अर्धा तास काढला. मग कळलं, कुणी येत नाही."

चौतीस वर्षांत साहेबांनी लिफ्टच्या खड्ड्यातही उतरून बघितलं होतं, पण इतक्या खोल ते कधी गेले नव्हते.

"मला ऐकू आलं नाही," ते कसेबसे म्हणाले. "यंत्र डबीत होतं. मी ते नाश्त्यानंतर लावतो. त्याच्याशिवाय मला दाराआडचं काही ऐकू येत नाही. कुणालाच सांगितलेलं नाही मी हे."

बेकरीताईंनी मोठा श्वास सोडला आणि त्या चक्क हसल्या.

"हात्तिच्या! आणि मी दोन दिवस झाले डोकं फोडतेय, की हा माणूस ऐकून तसाच गेला कसा!"

म्हणजे बाईंना वाटत होतं की साहेबांनी हाक ऐकली आणि तरीही ते निघून गेले. आणि तसं वाटत असूनही त्यांनी साहेबांचं नाव घेतलं नव्हतं. साहेबांना ते आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांना खाली बघावंसं वाटलं, आणि ते खाली बघत बसले.

"आता हे कुणाला बोलू नका," बेकरीताई म्हणाल्या. "ऐकू येत नाही म्हटलं की तुम्हालाही तिकडेच धाडतील. एकीचं झालं ते झालं, दुसऱ्याने कशाला पायावर धोंडा मारून घ्यायचा?"

साहेब आपल्या खोलीत आले. खोली छान होती त्यांची. पूर्वेची खिडकी, बायकोने विणलेला पलंगपोस, भिंतीवर स्वतः ठोकलेली अवजारांची फळी. दार आतून उघडणारं. टेबलाशी बसल्यावर त्यांना एक जुना मेकॅनिक आठवला. एका सहा मजली इमारतीतली लिफ्ट होती. लिफ्टचं दार पुरतं लागलं नाही तर लिफ्ट हलू नये म्हणून दाराला एक स्विच असतो. त्या इमारतीतलं दार नीट लागत नव्हतं, लिफ्ट सारखी अडायची. मेकॅनिकने स्विचच्या दोन टोकांना वायरचा बोटभर तुकडा जोडून टाकला होता. आता दार उघडं असलं तरी लिफ्टला ते बंदच वाटणार. साहेबांनी तो तुकडा हातात धरून विचारलं होतं, "हे काय आहे?"

"साहेब, वरच्या मजल्यांवर म्हातारी माणसं आहेत. जिने चढावे लागतात त्यांना. त्यांची सोय व्हावी म्हणून केलं."

साहेबांनी लिफ्ट तिथल्या तिथे बंद केली होती आणि त्या माणसाला सगळ्यांसमोर असा झाडला होता की त्याने पुन्हा कधी वायर हातात धरली नसेल. सोय म्हणजे काय ते खड्ड्यात पडलेल्याला विचार, असं म्हणाले होते ते. आणि गेली तीन वर्षं रोज साडेसातला ते बारा नंबरच्या दाराला तोच वायरचा तुकडा जोडत होते.

घाबरले का साहेब? हो, घाबरले. खोली जाईल, बिल्ला जाईल, लोक तोंडावर हसतील. दुपारभर त्यांनी त्या भीतीबरोबर येरझारा घातल्या. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसा चौतीस वर्षांचा पीळ होता तो. दोष सापडला आणि इन्स्पेक्टरने कागद लिहिला नाही, असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. चारच्या सुमाराला त्यांनी कोरा कागद घेतला, पट्टीने रेघा आखल्या आणि लिहायला बसले. एकदा लिहायला बसल्यावर मात्र हात कापला नाही.

शुक्रवारी अकराला ऑफिसात मॅनेजरबाई, डॉक्टर, सिस्टर आणि मुलगा बसले होते. बेकरीताईंना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. साहेब बोलावणं नसताना आत आले. स्वेटर, बिल्ला, कानात यंत्र.

"साहेब, ही खासगी बैठक आहे," मॅनेजरबाई म्हणाल्या.

"तपासणीचा अहवाल द्यायचाय. दोन मिनिटं लागतील."

बेकरीताईंनी कपाळाला हात लावला. साहेबांनी चष्मा नीट केला आणि वाचायला सुरुवात केली.

"तपासणीचं ठिकाण, खोली बारा, दार. दोष, सुरक्षेची चकती राहणाऱ्या व्यक्तीऐवजी दुसराच माणूस परस्पर हिरवी करत होता. कालावधी, तीन वर्षं. करणारा माणूस, खोली अकरा, म्हणजे प्रस्तुत तपासनीस स्वतः. कारण, सोय. मंगळवारी सकाळी साडेसातला तपासनीसाने चकती हिरवी केली तेव्हा बाई पावणेदोन तास आत पडलेल्या होत्या आणि हाका मारत होत्या. तपासनीसाला ऐकू आलं नाही, कारण त्याने कानातलं यंत्र लावलेलं नव्हतं, आणि त्याशिवाय त्याला दाराआडचं ऐकू येत नाही. ही गोष्ट त्याने सहा वर्षं लपवली. सिस्टरची नोंद बरोबर आहे. बाईंनी सांगितलेली वेळही बरोबर आहे. चूक फक्त तपासनीसाची आहे."

मुलगा उठून उभा राहिला.

"पाच तास," तो म्हणाला. "माझी आई पाच तास थंड फरशीवर पडून होती. तुमच्यामुळे. तिला काही झालं असतं तर?"

"हो," साहेब म्हणाले.

"हो काय?"

"तुम्ही म्हणताय ते खरं आहे. माझ्यामुळे."

मुलगा वर केलेलं बोट तसंच धरून राहिला. भांडायला समोरचा माणूस थोडा तरी अडावा लागतो.

"त्यांच्यावर ओरडू नकोस," बेकरीताई म्हणाल्या. "मीच लावलं होतं त्यांना फिरवायला. पंधरा दिवस नाही म्हणत होते."

"मग तू आधी का बोलली नाहीस, आई? तिकडे पाठवणार होतो आम्ही तुला!"

"शब्द दिला होता."

मुलगा खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. डॉक्टर आपले कागद चाळत होते. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे पावणेसहा ही वेळ बरोबर होती तर."

"मी तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला," बेकरीताई म्हणाल्या. "लक्षात नाही राहिलं वाटतं? तीन शब्द देऊ का?"

सिस्टर हसू दाबायला खिडकीकडे वळली. डॉक्टरांनी, त्यांचंही कौतुक करायला हवं, तो कागद सरळ मधोमध फाडला.

मॅनेजरबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून साहेबांचा सहा वर्षांपूर्वीचा अर्ज काढला.

"साहेब, 'ऐकू येतं का?' याच्यापुढे तुम्ही 'उत्तम' लिहिलंय."

"यंत्र लावल्यावर उत्तमच येतं. तेवढं लिहायचं राहिलं."

"आणि यंत्र कधी लावता?"

"उद्यापासून, उठल्या उठल्या."

"बिल्ला ठेवा इथे."

साहेबांनी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. स्वेटरला दोन बारीक भोकं राहिली. त्यांना वाईट वाटलं, खूपच वाईट वाटलं, पण ते योग्य होतं आणि योग्य गोष्टीशी त्यांनी कधी वाद घातला नव्हता. त्यांच्या कानांची तपासणी झाली. यंत्रासकट ते पास झाले, आणि सिस्टरने रोज सकाळी त्यांच्या कानात डोकावून बघायचं या अटीवर त्यांची खोली राहिली. मागच्या इमारतीचे कागद रद्द झाले.

पण अहवालाला शिफारस जोडल्याशिवाय साहेब राहणार होते थोडेच. तळाला एक ओळ होती: 'आतला आवाज स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय कुणीही कुणाची चकती फिरवू नये.' मॅनेजरबाईंनी त्यावर दुपारभर विचार केला. मग म्हणाल्या, ठीक आहे, आवाज ऐकून शेजाऱ्याने फिरवली तर चालेल, वहीत तशी नोंद होईल.

बेकरीताई त्याच संध्याकाळी प्लास्टर सांभाळत आपल्या खोलीत परत आल्या. ही व्यवस्था ऐकून त्यांनी बाकावर आकाशपाताळ एक केलं.

"म्हणजे मला रोज साडेसातला उठवणार तुम्ही!"

"उठू नका. फक्त बोला."

"झोपेत काय बोलू मी?"

"जे तोंडाला येईल ते," साहेब म्हणाले आणि थेंबांची बाटली त्यांच्यापुढे धरली. थेंबांचीही आता वहीत नोंद होती: 'शेजारी घालतात.' बेकरीताईंचा उजवा हात शाबूत होता. त्याचा नेम चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब उठले आणि त्यांनी सगळ्यात आधी डबी उघडली. यंत्र कानात बसताच सकाळ अंगावर आली. नळ गळत होता, तो महिनोन् महिने गळत असावा. सिस्टरच्या ट्रॉलीचं एक चाक कुरकुरत होतं. खिडकीबाहेर पक्षी चक्क भांडत होते. स्वतःचा उजवा पाय फरशीवर घासतो तो आवाजही त्यांनी ऐकला. बेकरीताई सांगत होत्या तसाच होता तो.

साडेसातला त्यांनी बारा नंबरचं दार ठोठावलं. आतून काही नाही. ते थांबले. पुन्हा ठोठावलं, जरा जोरात. काहीच नाही. साहेबांना त्या लाल चकतीकडे बघवेना. फरशी आठवली, टॉवेल आठवला, निळे ओठ आठवले. त्यांनी सिस्टरला हाक मारायला तोंड उघडलं आणि तिसऱ्यांदा मुठीने दार वाजवलं.

"मुडद्या!" आतून खणखणीत आवाज आला. "तुझ्या लिफ्टचा दोर तुटो!"

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तसेच दाराला हात टेकून उभे राहिले. नाश्त्याला अजून तासभर होता. अक्षर न् अक्षर त्यांना लख्ख ऐकू आलं होतं.

"काय म्हणालात?" तरीही त्यांनी विचारलं.

बेकरीताईंनी ते पुन्हा सांगितलं, बेकरीतल्या दोन शिव्या वर घालून. मग साहेबांनी चकती फिरवली आणि ते फिरायला गेले.